कायमची फर्स्ट शिफ्ट

माझ्या नवऱ्याला, ताबीशला, दोन कामं. एकाचा पगार यायचा, आणि दुसऱ्याचं नाव काढलं की त्याच्या तोंडावर तेज यायचं. पगाराचं काम चिंचोळी एमआयडीसीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात. तेजाचं काम भवानी पेठेत, इसूफ उस्तादांच्या खोलीत. तिथं तो खत्ताती शिकायचा, म्हणजे बोरूच्या कलमानं उर्दू-अरबी अक्षरं सुंदर लिहायची कला. मी वैरागची, मराठी शाळेतली. उर्दू मला वाचता येतं, पण अलिफ म्हणजे नुसती एक उभी रेघ महिनाभर गिरवत बसणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, ते कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

उस्तादांचे नियम कडक. मश्क, म्हणजे सराव, रोज झालीच पाहिजे. चुकलेल्या अक्षरावर ते लाल शाईनं खूण करायचे. आणि सगळ्यात मोठा नियम असा की उस्ताद इजाजत देईपर्यंत शागिर्दानं आपल्या लिखाणाखाली स्वतःचं नाव घालायचं नाही. ताबीशला तेवढंच हवं होतं. गाडी नको, बंगला नको, कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव.

पण कारखान्यातली शिफ्ट आठवड्याला बदलायची आणि सेकंड शिफ्ट लागली की क्लास बुडायचा. उस्तादांनी स्पष्ट सांगितलं, रोज येत असशील तर ये, नाहीतर कलम ठेवून दे. मग ताबीशनं सुपरवायझर सयाजीकडं कायमची फर्स्ट शिफ्ट मागितली. सयाजी म्हणाला, देतो, पण ग्राइंडरवर. ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा घासायचं ते मशीन दोन्ही हातांत धरावं लागतं आणि ते खांद्यापर्यंत थरथरतं. तिथं कुणी टिकत नाही, म्हणून जाईल त्याला मागेल ती शिफ्ट मिळते. त्या दिवशी ताबीश पेढे घेऊन घरी आला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं त्याला वाटत होतं.

पहिली काही वर्षं खरंच बरी गेली. दुपारी तो कारखान्यातून थेट भवानी पेठेत जायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा, बोटांना शाई लागलेली, चेहरा हसरा. मी चिडवायची, "नवीन बाईचं नाव अलिफ हाय का बे?" तो म्हणायचा, ती बे, म्हणजे अलिफनंतरचं अक्षर, आता पुढच्या महिन्यात. यंदा इजाजत मिळेल असं उस्तादांच्या बोलण्यात यायला लागलं होतं.

त्याच हिवाळ्यात सकाळी त्याच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडायला लागली. हातातनं कप सुटायचा. रेघ थरथरायला लागली. उस्ताद म्हणाले, मश्क कमी पडतेय. त्यांनी जन्मात कलमापेक्षा जड काही उचललं नव्हतं, त्यांना दुसरं काय सुचणार? ताबीश दुप्पट लिहायला लागला आणि रेघ आणखी बिघडली.

तेवढ्यात धाकट्या बहिणीच्या, समराच्या बाळंतपणासाठी मी वैरागला गेले. बाळ नाजूक निघालं, मला बरेच महिने राहावं लागलं. परत आले तर कलमं धुऊन, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलेली.

"हे काय?"

"डॉक्टरनी लिहायचं बंद केलंय. हाताला इश्रांती पायजे म्हणले. तू गेल्यापास्नं बंदच हाय."

"आणि ग्राइंडर?"

"त्याचं कुटं काय बोलले ते."

"तुमी सांगितलं का, ग्राइंडरवर हाय म्हणून?"

ताबीशनं फळीवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाला, "त्यांनी इचारलं, काय करता. मी म्हणलं, खत्तात हाय. लिहितो."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. लिहायचं थांबवून हा माणूस एवढे महिने रोज ते मशीन धरत होता, आणि हात बरा व्हायची वाट बघत होता. पण तोंडातनं शिवी निघेना. आयुष्यात पहिल्यांदा एका शिकल्यासवरल्या माणसानं त्याला विचारलं होतं, तुम्ही काय करता, आणि त्यानं जे व्हायचं होतं ते सांगून टाकलं होतं.

मी त्याला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं आणि त्यानं तोंड उघडायच्या आत ग्राइंडरचं सांगितलं. बाईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि बोटांना सुई टोचली. तो विचारत होता, "टोचली का?" त्यांनी आणखी टोचली. तो पुन्हा विचारत होता. बाई म्हणाल्या, मशीनच्या थरथरीनं नसा गेल्यात, गेलं ते बहुतेक परत येणार नाही. मशीन आजच सोडा, नाहीतर उरलेलंही जाईल.

मी स्वतः सयाजीकडं गेले. माणूस वाईट नाही. म्हणाला, "वहिनी, पॅकिंगला घेतो की त्याला. पगार तेवढाच. फक्त शिफ्ट बदलत्या राहतील." मला केवढं हायसं वाटलं. मी येताना मटण घेऊन आले.

ताबीशनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग क्लास?"

"कसला क्लास? कलम धरता येत न्हाय तुमाला."

"चार दिस झाले, परत जातोय. उस्ताद शाई कालवायला देतात. नव्या पोरांचे कागद दाखवतात, चूक कुटं हाय इचारतात. मला चूक दिसतीय, गुलनाज. हाताला येत न्हाय, पण डोळ्याला सगळी दिसतीय."

"ग्राइंडर न्हाय सोडला तर जेवणाचा घास धरता येणार न्हाय. बाई काय म्हणल्या ऐकलं न्हाय का?"

"ऐकलं की." तो शांतच होता. "पॅकिंगला गेलो तर एक आठवडा दुपार मिळंल, एक आठवडा न्हाय. उस्ताद घेतील का मग? दुपार गेल्यावर माझं राहिलं काय?"

मी भांडले. रडले. त्याच्या अम्मीची शपथ घातली. मटण तसंच पातेल्यात राहिलं. सकाळी उठून त्यानं शर्ट घातला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला, कारण बटणं त्याच्या बोटांना सापडत नाहीत. मी एकेक करून लावली. मग तो ग्राइंडरवर गेला.