एक्केचाळीस नंबरचा शूरवीर

मी एक निवृत्त पोलीस बोलतोय. पोलीस म्हणजे अगदी माणूस नव्हे. पोलिसाच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर. पण आमच्या ओहायोत माणसापेक्षा मला जास्त मान आहे, तेव्हा तक्रार नाही.

कारखान्यातून आम्ही साठ भावंडं एकदमच गावच्या पोलीस खात्यात रुजू झालो. मुठीच्या मागच्या पट्टीवर खात्याची अक्षरं आणि नंबर ठोकले गेले. मला मिळाला एक्केचाळीस. पुढे नव्या धाटणीची पिस्तुलं आली आणि खात्याने आम्हाला व्यापाऱ्याच्या गळ्यात मारलं. निरोपसमारंभ माणसांचे होतात.

मग मी ड्वाइट केसलर या संग्राहकाच्या हाती पडलो. ही जमात भलती श्रद्धाळू. केसलरसाहेब भिंग लावून माझा नंबर असा वाचत, जणू माझी पत्रिकाच मांडताहेत. आमच्याच खात्यातल्या कॅप्टन हॅडली यांच्या बिल्ल्याचा नंबरही एक्केचाळीस होता आणि त्यांनी बँकेच्या दारात दोन दरोडेखोरांना लोळवलं होतं. झालं! साहेबांनी मला मखमलीवर निजवलं, शेजारी हॅडलींचा फोटो ठेवला आणि पुढे कार्ड लावलं, 'शूर हॅडलींचं शस्त्र'. सरावाचे पुठ्ठे सोडले तर मी कुणावर गोळी झाडलेली नाही. पण जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात लोक टोपी काढून उभे राहत. फुकटचा मान कुणाला नको असतो? मीही गप्प राहिलो.

गेल्या प्रदर्शनात लोरीन पावलाक नावाच्या म्हातारबाई आल्या. आमच्याच खात्यात पोलीस असलेल्या त्यांच्या वडिलांचं सगळं सामान पुरात गेलं होतं. निदान त्यांचं रिव्हॉल्व्हर मिळावं म्हणून त्या तीन वर्षं अशा प्रदर्शनांतली टेबलं पालथी घालत होत्या. माझा नंबर बघून त्या खुर्चीत बसल्याच. हे पपांचं, म्हणाल्या.

"बाई, नंबर खोटं बोलत नाही," केसलरांनी कार्डाकडे बोट दाखवलं.

"नाहीच बोलत. पण तो ठाण्यातल्या शस्त्रांच्या कपाटातल्या खुंटीचा नंबर आहे, बिल्ल्याचा नव्हे. पपांची खुंटी एक्केचाळीस. मुठीची डावी बाजू बघा, घासलीय ना? पपा डावखुरे होते, रिव्हॉल्व्हरचं म्यान डाव्या कमरेला. गाडीत चढता-उतरता मूठ दाराला लागायची."

केसलरांनी भिंग लावलं. मग फोटोतल्या हॅडलींकडे पाहिलं. म्यान उजव्या कमरेला होतं. अकरा वर्षं तो फोटो साहेबांच्या नाकासमोर होता.

टेबलापाशी चार गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. साहेबांनी एक थाप मारली असती तर मी जन्मभर शूर राहिलो असतो. मला फार भीती वाटली. ते खोटं बोलतील याची की खरं बोलतील याची, देव जाणे.

"वडील काय करायचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून द्यायचे. सव्वीस वर्षं."

केसलरांनी कार्ड काढून खिशात घातलं. "घेऊन जा, बाई. हॅडलींचं असतं तर दिलं नसतं हो."

रीतसर कागद झाले आणि मी लोरीनबाईंच्या घरी आलो. पाहुणे येतात, हमखास विचारतात की याने किती जणांना मारलं. एकालाही नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. बाबांनो, विचारायचंच असेल तर त्या शाळेसमोर किती पोरं गाडीखाली आली ते विचारा. एकही नाही. आणि खरं सांगू? तेही माझ्यामुळे नाही. पपांच्या शिट्टीमुळे.