घोळक्यातला ठिपका

लाँड्रीत मी इस्त्रीवर, माझी धाकटी जाऊ घड्या घालण्यावर. गुरुवारी बॉयलर धुतात, इस्त्रीची वाफ बंद असते, म्हणून आम्हा इस्त्रीवाल्यांना तासभर आधी सुट्टी. घरी सांगायचं बाजारात गेले होते, आणि जायचं बहिणीकडे. तिनं नवऱ्याला सोडलं तेव्हाच माझ्या नवऱ्यानं बजावलं होतं, "तिची पायरी चढलीस तर या घरची चढू नकोस." तिची नवी खोली कुठे आहे, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तिला माझ्याशिवाय कुणी नाहीच.

मग फोनमध्ये ते ॲप आलं. घरातला प्रत्येक माणूस नकाशावर ठिपका होऊन फिरतो. आधी नवऱ्यानं घेतलं, मग दिरानं. सासूबाई म्हणाल्या, "मेलं कशाला ते!" आणि आठ दिवसांत शेजारणींना दाखवत सुटल्या, "हा बघा माझा थोरला, आत्ता पुलावर आहे." लाँड्रीत नाकं मुरडणाऱ्या बायाही डबा खाताना नवऱ्यांचे ठिपके बघून खिदळायला लागल्या.

"ताई, तुमचंच तेवढं राहिलंय," जाऊ म्हणायची. प्रेमानंच, हीच तर पंचाईत! जबरदस्ती केली असती तर भांडले असते, मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण सगळे नुसते हसून वाट बघत होते. एका रात्री जेवताना मीच फोन पुढे सरकवला. खोटं कशाला बोलू, सगळ्यांच्या घोळक्यात माझा ठिपका बघून बरंही वाटलं.

पहिल्याच गुरुवारी बहिणीच्या घराखाली आले आणि पाऊल पुढे पडेना. फोन लाँड्रीत ठेवला असता तर जाऊ तो घेऊन मागे धावली असती. वर गॅलरीत बहीण उभी होती.

"ये ना गं! चहा टाकलाय."

तेवढ्यात फोन वाजला. जाऊ.

"ताई, मध्येच का थांबलात? बरं नाही का?"

तोंडातून निघून गेलं, "चपलेचा पट्टा तुटला."

"तिथंच थांबा. भाऊजी जवळच दिसतायत, त्यांना पाठवते."

मी वाकून दोन्ही हातांनी पट्टा ओढला. नवी चप्पल, तुटता तुटेना.

"अगं, काय करतेयस?" वरून बहीण ओरडली. "थांब, मी खाली येते."

पट्टा तुटला. कोपऱ्यावर नवऱ्याची स्कूटर वळली.

"कोण हो तुम्ही?" मी वर बघून ओरडले. "जा आत!"

ती गेली.