निसटलेली बांगडी

सुभद्राबाईंची जीभ तिखट, पण सुनेवर जीव. गोपिकाचे हातपाय फुगत चालले, जबडा रुंद झाला, तेव्हा चाळीतल्या शेजारणी म्हणाल्या, "सासूनं लईच खाऊ घातलं!" सुभद्राबाईंनी एकेकीची खोड मोडली आणि घरी येऊन पदरात तोंड खुपसून रडल्या.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं. मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत गाठ होती आणि ती अंग वाढवणारा रस भरमसाट सोडत होती. कोबाल्टच्या मशीनवर किरणांचा शेक द्यायचं ठरलं.

शेक म्हटल्यावर सुभद्राबाईंना आठवली बाळंतिणीची शेगडी. पहिल्याच दिवशी त्या गडूभर ताक घेऊन गेल्या, सुनेचं डोकं भाजलं तर थंडाव्याला! डोकं साधं कोमटही झालं नाही.

"असा कसा हा थंडा शेक? यानं गाठ मरते काय गा?" त्यांनी डॉक्टरांना थेट विचारलं.

"आजी, धीर धरा. वाढलेलं हाड कमी होणार नाही, पण हाताची सूज उतरली तर समजा, गाठ वठणीवर आली."

वर्ष गेलं, दुसरं लागलं. संक्रांतीला कासारणीनं साबण लावून बांगड्या चढवल्या, तेव्हाही गोपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुभद्राबाईंनी देव पाण्यात ठेवले.

आणि एका सकाळी नळावर भांडी घासता घासता गोपिकाच्या हातातली बांगडी आपसूक गळून पडली.

सुभद्राबाई हातातलं काम टाकून धावल्या. सवाष्णीची बांगडी गळाली! आणि तिचा नवरा ताराचंद ट्रकवर अमरावतीला गेलेला!

"अवं, पाहून राहिली काय? घाल लवकर!" त्यांनी स्वतःच बांगडी उचलून सुनेच्या हातात सरकवली. साबण नाही, ओढाताण नाही, सुळकन गेली. गोपिकानं हात खाली केला, तर पुन्हा घसरली.

"आत्याबाई," गोपिका हळूच म्हणाली, "सूज उतरली वाटते."

सुभद्राबाई तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. सुनेचा हात दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट पाहिला, दाबला, गालाला लावला. मग असा हंबरडा फोडला की अख्खी चाळ धावून आली.

संध्याकाळी ताराचंद परतला. दारातच घाबरला.

"माय, काहून रडून राहिली वं?"

"तुह्या बायकोच्या हातातली बांगडी गळाली गा," सुभद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उभा काय राहिला? जा, पेढे आण!"