काटा खरा होता

५४.३

हडपसरच्या भाजी मार्केटमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चारशे माणसं श्वास रोखून एका आकड्याकडे बघत होती. मंचावर गोदामात असतो तसला मोठा काटा. त्यावर माझी मुलगी मैत्री अनवाणी उभी.

"मागच्या गुरुवारी छप्पन्न पूर्णांक आठ!" महिपती माऊली माइकवर म्हणाले. "मी काय बोललो होतो? दोन किलो बाधा उतरेल. किती उतरली?"

"अडीच!" शेड ओरडली.

"अर्धा किलो माऊलीचा बोनस!"

टाळ्या, शिट्ट्या. माझी बायको सुशीला हात जोडून रडत होती. मैत्री आकड्याकडे बघतही नव्हती.

५६.८

हे त्याआधीचं.

मैत्री सव्वीस वर्षांची, आयटीत नोकरी. चार महिने तिला झोप नव्हती. आवडीची गाणी बंद, मैत्रिणींचे फोन बंद. केस विंचरायलाही तिला अर्धा दिवस लागायचा. म्हणायची, "अप्पा, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय." मी म्हणायचो, "जरा बाहेर फिरून ये."

ती फिरून आली ती मनोविकार डॉक्टरकडूनच. पर्समध्ये गोळ्या दिसल्या तेव्हा मी काय बोललो ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गाळता येणार नाही:

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं?"

शेजारच्या इंदुबाई म्हणाल्या, "अहो, बाहेरचं आहे हे. माऊलींकडे न्या. ते बाधेचं वजन करून दाखवतात."

मी हसलो. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, भूतबाधेला जागा नाही. शिवाय माझं शनिवार पेठेत वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे, एकतीस वर्षं. भंगारवाल्यांच्या काट्यात लपवलेले रिमोट मी स्वतः काढलेत. म्हटलं, चला, बुवाचा काटा उघडून दाखवू.

मुलीसाठी गेलो असं सांगत होतो. गेलो होतो काट्यासाठी.

नियम

माऊलींचे, माइकवरून:

"माणूस हलका, बाधा जड. शास्त्र आहे हे! अमेरिकेवाले फॉर्म्युला मागायला आले होते. मी म्हटलं, चपला काढा, रांगेत या."

"सात दिवस एकवेळ तांदळाची पेज. अळणी! जिथे मीठ, तिथे बाधेची वस्ती."

"गोळ्या बंद. एका म्यानात दोन तलवारी ठेवता का तुम्ही?"

"वजन घटलं नाही तर समजा, घरात कुणीतरी चोरून खारं खाऊ घातलं."

२०.० / ४०.० / ६०.०

मैत्रीचे ते अडीच किलो बघून मी मंचावर चढलो. रिक्षातून आणलेली माझी वीस-वीस किलोंची तीन प्रमाण वजनं वर चढवली.

वीस ठेवले, वीस दाखवले. चाळीस, साठ. काट्याच्या कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. खालचं झाकण उघडलं. वायरी मोजल्या. रिमोट नाही, चुंबक नाही, काही नाही.

"स्वतः उभे राहा ना," माऊली हसले.

उभा राहिलो. ७१.४.

"बघा! या गृहस्थांना बाधा नाही. निर्मळ माणूस! बोला साहेब, काटा कसा आहे?"

माइक तोंडाशी आला. मी खोटं बोलत नाही, याचा मला फार अभिमान.

"काटा खरा आहे," मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट झाली. दारावर फलक लागला होता: तज्ज्ञांनी तपासलेला काटा. आणि काटा खरा म्हणजे बाधाही खरी, असं मानून मैत्रीच्या गोळ्या मीच कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या.

५२.६

टाळ्या.

५१.१

टाळ्या. मैत्रीच्या ऑफिसातून रजेबद्दल विचारणारं पत्र आलं. सुशीलेनं ते न फोडताच दिव्याखाली सरकवलं.

४९.७

शुक्रवारची सकाळ. मी पेजेची वाटी घेऊन तिच्या अंथरुणाशी बसलो होतो.

"अप्पा, तुम्ही काटा नीट तपासलात ना?"

"अगदी. खरा आहे."

"मग तो बरोबरच सांगतोय. कमी मी होतेय."

मी वाटी खाली ठेवली.

"मला मरायचंय असं नाही. पण उठावं असं काहीच वाटत नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

रिक्षा मिळेपर्यंत मी तिला जवळजवळ उचलूनच धरलं होतं. इतकी हलकी ती शाळेत असतानाही नव्हती.

मैत्री आधी ज्यांच्याकडे गेली होती त्या डॉक्टर ललिता तिच्या एकटीशी अर्धा तास बोलल्या. मग मला आत बोलावलं.

"नैराश्य आहे. आजार आहे हा, लाड नाही आणि बाधाही नाही. झोप उडते, भूक मरते, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत राहतं. तिनं वेळेवर ओळखलं होतं. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. तुम्ही ते मधेच तोडलंत."

"पण डॉक्टर, वजन... ते अगदी सांगतील तेवढं घटायचं."

"घटणारच! मीठ तोडलं, जेवण तोडलं की शरीर आधी पाणी सोडतं. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो कुणाचेही जातात. तुमचेसुद्धा. पुढे अंग झिजतं. तुमच्या काट्याला काय झालं होतं? काही नाही. आजारी तुमची मुलगी होती."

६८.९

हा माझा आकडा. सात दिवस मी अळणी पेज खाल्ली. डॉक्टरांना न विचारता. कळल्यावर त्यांनी झापलं, ते योग्यच. तुम्ही करू नका.

गुरुवारी मंचावर चढलो. माइक मीच मागितला.

"मी निर्मळ, बाधा नाही, असं माऊली इथेच म्हणाले होते. तेव्हा एकाहत्तर पूर्णांक चार. आज बघा."

अडीच किलो गेले होते. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली.

"लपून बसली होती!" माऊली म्हणाले. "अविश्वासाची बाधा!"

"तुम्हाला दिसली नाही?"

"ती... ती सूक्ष्म असते."

"अडीच किलोची सूक्ष्म? बरं, आता आपण उभे राहा. सात दिवस आपणही अळणी पेज घ्या. आपल्यातली किती निघते ते पुढच्या गुरुवारी सगळे मिळून बघू."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ढेरीवर हात ठेवून माऊली नकळत काट्यापासून दोन पावलं मागे सरले. मग मी मीठ, पाणी, भूक, सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगितलं.

पण मागून एक माणूस उठला. "तुम्हीच म्हणाला होता ना, काटा खरा आहे! त्या भरवशावर मी भावाला आणला!"

"हो," मी म्हणालो. "काटा आजही खरा आहे. मी वायरी तपासल्या. पोरगी रोज काय खाते, कशी झोपते, ते विचारलं नाही."

अर्धी शेड उठली. अर्धी बसून राहिली. दाराशी कौशल्या नावाच्या बाईंनी माझा हात धरला. त्यांच्यामागे मुलगा सोनू, शर्ट अंगात लोंबत असलेला.

"ह्याच्या गोळ्या मी मुठा नदीत सोडल्या हो. आता?"

मी डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. वाचवलं वगैरे म्हणवत नाही. तो फलक माझ्याच शब्दावर लागला होता.

—

आकडा नाही. डॉक्टर दवाखान्यात वजन घेतात, आम्ही घरी विचारत नाही.

काट्याला विचारलं तर तो किलो सांगतो. माणसाला काय होतंय ते माणसालाच विचारावं लागतं, मधे न बोलता ऐकावं लागतं, आणि ताप आला की नेतो तसं, न लाजता, डॉक्टरकडे न्यावं लागतं. बुवाचा खोटेपणा उघडा पडला नाही तरी न्यावं.

गोळ्या पुन्हा सुरू होऊन पाच आठवडे झालेत. मैत्रीचे वाईट दिवस अजून येतात. परवा ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून होती. मी शेजारी नुसता बसून राहिलो.

काल दुपारी तिनं भातावर आमटी घेतली. एक घास खाल्ला. थांबली. सुशीलेचा हात आमटीच्या डावावरच थांबला.

"आई," मैत्री म्हणाली, "मीठ कमी आहे."