उतरायचं आपण

"हेवी आहे म्हणाला होतात ना? मग हे काय?"

गेल्याच आठवड्यात काठी नेलेल्या वेल्डरनं काउंटरवर दोन तुकडे आपटले. गळाची काठी शेंड्याखाली हातभर अंतरावर मोडली होती. दुकानातली दोन गिऱ्हाइकं रिळांचं कपाट बघण्याचं सोंग करत कान टवकारून उभी राहिली. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

मास्तरांनी तुकडे उचलून पाहिले. मास्तर ते नुसते नावाचे. सव्वीस वर्षं या काउंटरमागे उभं राहून काठ्या विकताना ते इतकं समजावून सांगत, की गिऱ्हाइकांनीच हे नाव त्यांना चिकटवलं होतं.

"हेवी आहेच. पण हेवी ही झाली पॉवर. काठी वाकवायला किती जोर लागतो, ते. शेजारी फास्ट लिहिलंय ना, ती ॲक्शन. म्हणजे ती वाकते कुठून, ते. फास्ट काठी शेंड्यालाच वाकते. तुम्ही मासा धक्क्यावर उचलून घेतलात ना? काठी उभी धरून?"

"मग काय त्याला जिन्यानं वर या म्हणू?"

कपाटापाशी कुणीतरी फिसकन हसलं.

"काठी उभी केली, की तिचं खालचं जाड अंग हात झटकून मोकळं होतं. सगळा भार एकट्या शेंड्यावर. जवळ आलेला मासा काठीनं उचलायचा नसतो. जाळी घेऊन पाण्याशी उतरायचं आपण."

"बोलायला काय जातंय! अशीच दुसरी काठी घ्या आणि चला धक्क्यावर. मोडली, तर दुकानात येईल त्या प्रत्येकाला सांगेन, मास्तर नुसती तोंडपाटीलकी करतात म्हणून."

मास्तरांनी हातातला तुकडा काचेवर ठेवला.

"चला की," मालकीणबाईच बोलल्या. "आमचे मास्तर दर रविवारी धक्क्यावर असतात. काय हो मास्तर?"

हे वाक्य मूळचं मास्तरांचंच. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाला सहज ठोकून दिलेलं. मग ते दुकानाचंच होऊन बसलं. रविवारी मास्तर घरातच असतात, कुंड्यांची माती उकरत, हे फक्त बायकोला माहीत. आणि का, तेही तिलाच. मास्तर नऊ वर्षांचे असताना त्यांचा दादा धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात घसरला होता. यांनी वरून एक वाळकी काठी पुढे केली. दादानं ती धरलीही. घाबरून यांनी ती सरळ वर ओढली, आणि काठी कटकन मोडली. दादा परत वर आलाच नाही. त्यानंतर मास्तर पाण्याकडे गेले नाहीत. काठी कुठून वाकते, कुठून मोडते, एवढंच पुढे लोकांना सांगत आले.

धक्क्यावर वारा होता. दोन्ही गिऱ्हाइकं तमाशा बघायला मागोमाग आलेली, एकाच्या हातात दुकानातली जाळी. मास्तर कडेपासून चार पावलं मागेच थांबले.

"तिथून काय मासा पळत येणार आहे?" वेल्डर म्हणाला.

मास्तर दोन पावलं पुढे सरकले. गळ टाकला. दुकानामागच्या रिकाम्या जागेत हजारदा टाकलेला, पण तिथे तो फरशीवर पडे. इथे तो हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला. पायाखाली पाणी भिंतीला थापट्या मारत होतं. जणू आत कुणीतरी होतं, आणि बाहेरून कुणी ओ देत नव्हतं.

बराच वेळ काहीच घडलं नाही. वेल्डर जांभई देणार, तेवढ्यात शेंडा थरथरला, मग खाडकन खाली गेला.

मास्तरांच्या मनगटातून खांद्यापर्यंत काहीतरी जिवंत धावलं. पलीकडून कुणीतरी ओढत होतं. अगदी तेव्हासारखंच. हातांना एकच गोष्ट ठाऊक होती: वर ओढ, जोरात वर. काठी उभी होऊ लागली. शेंडा आकड्यासारखा वळला आणि करकरला.

"मोडतेय बघा!" वेल्डर ओरडला.

मास्तरांनी डोळे मिटले आणि काठी खाली आणली. आडवी, पाण्याशी समांतर. भार शेंड्यावरून सरकत सरकत जाड अंगात उतरला, तिथून तळहातात, तिथून छातीत. काठी गप्प झाली. रीळ फिरू लागलं. मासा पायऱ्यांपाशी आला.

"आता?" वेल्डरनं हळूच विचारलं.

आता उतरायचं होतं. सात पायऱ्या, शेवटच्या तीन पाण्याखाली, शेवाळलेल्या. मास्तरांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि ते तिथेच अडले.

"मास्तर, राहू द्या. पटलं मला. मी उतरतो."

"नको. जाळी द्या."

दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या पायरीवर पाणी बुटात शिरलं. पाय सरकला. आणि त्याच क्षणी मागून कुणीतरी त्यांचा पट्टा मुठीत गच्च धरला. वेल्डर कधी मागोमाग उतरला, कळलंच नव्हतं.

"धरलंय मी," तो म्हणाला. "तुम्ही मासा घ्या."

सहाव्या पायरीवर गुडघाभर पाण्यात मास्तर वाकले. जाळी माशाखाली सरकवली आणि उचलली. मासा चकाकत, तडफडत वर आला, आणि वेल्डरनं मोकळ्या हातानं जाळी घेतली. मास्तर मात्र वाकलेलेच राहिले. रिकामा झालेला हात पाण्यात कोपरापर्यंत घालून, हिरव्या काळोखाकडे बघत. वेल्डरनं पट्टा सोडला नाही.

वर आल्यावर त्यानं काठी बोटानं चाचपली. "जशीच्या तशी आहे की हो," एवढंच म्हणाला.

मासा कुणी नेला, कोण जाणे. मास्तर पचपचत्या बुटांनी घरी आले. बायकोनं ओली पॅंट पाहिली, बाहीला चिकटलेला खवला पाहिला. "पायऱ्यांवर?" तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली. तिनं टॉवेल आणला आणि खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

दुसऱ्या दिवशी एक नवखी बाई काठी घ्यायला आली. मास्तरांनी काठीवरची अक्षरं दाखवली, किती वाकते, कुठून वाकते, सगळं सांगितलं. मग तिनं हसून विचारलं, "तुम्ही स्वतः जाता की नाही मासे धरायला?"

मालकीणबाईंनी गल्ल्यावरून मान वर केली. उत्तर त्यांच्या ओठांवर तयारच होतं.

"एकदा गेलो होतो," मास्तर म्हणाले, आणि काठीचा शेंडा बोटानं हळूच वाकवून तिला दाखवू लागले.