कुशावर्ताला मिळालेला शेला

दहावीच्या निरोप समारंभात शेलापागोटे वाटायची चाल तुमच्याही शाळेत असेल. प्रत्येकाच्या स्वभावावरून, खोडीवरून चिमटा काढणारी दोन ओळींची जुळवाजुळव करायची, सोबत एखादी क्षुल्लक वस्तू द्यायची आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. मुलाला पागोटं, मुलीला शेला. झोपाळू पोराला उशी, भांडकुदळ पोरीला लाटणं. ज्याला मिळतं त्याने हसायचं असतं. नाही हसला, तर 'मनाला लावून घेतो' म्हणून तिथल्या तिथे त्याची आणखी एकदा हजेरी घेतली जाते. म्हणजे मारायचंही आपण आणि रडू नकोस म्हणायचंही आपणच!

उदगीरच्या एका शाळेत ही गोष्ट घडली तेव्हा लातूर जिल्हा होऊन सहाएक महिने झाले होते. त्या साली पावसाने दगा दिला होता. गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि स्टेशनापलीकडच्या वस्तीला तर नळच नव्हता. पण नव्या जिल्ह्याचा उत्साह दांडगा होता. लातूरला कचेऱ्या उघडणार, जागा निघणार, उदगीरच्या पोरांचं नशीब फळफळणार, असं पानटपरीपासून मास्तरांच्या खोलीपर्यंत जो तो सांगत होता. म्हणून हेडमास्तरांनी फर्मान काढलं की यंदा शेला किंवा पागोटं घेतल्यावर प्रत्येकाने माइकपुढे येऊन सांगायचं, 'नव्या जिल्ह्यात मी कोण होणार.'

शेलापागोटे लिहिले वीरण्णाने. तो मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, आडत दुकानदाराचा मुलगा. जिभेला धार, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि वर्गात त्याच्यावाचून पान हलत नसे. लिहिलेलं सगळं हेडमास्तरांनी आधी तपासलं. मास्तरांवरच्या ओळी होत्या त्यांवर काट मारली. पोरांवरच्या ओळी वाचून ते मिशीत हसले आणि कागद परत दिले. शाळेची अब्रू राखली गेली, असं त्यांना वाटलं असावं.

समारंभ रंगला. रईसाला कायम नाक वर म्हणून पतंग मिळाला, आणि ती म्हणाली, "मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होनार." तालमीत जाणारा नरसिंग म्हणाला, "आपून एस.टी.चा डायवर. उदगीर-लातूर गाडी टायमावर सोडनार." त्यावर टाळ्या थांबेनात, कारण ती गाडी कधी वेळेवर सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वीरण्णाने स्वतःला 'बोलका पोपट' हे पागोटं बांधून घेतलं आणि आपण कलेक्टर होणार असं जाहीर केलं.

मग कुशावर्ताचं नाव पुकारलं गेलं.

ही पोरगी देवणीकडच्या एका खेड्यातली. बाप वारल्यावर आईबरोबर उदगीरला आलेली. आई, सरजाबाई, रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. कुशावर्ता शेवटच्या बाकावर एकटी बसे. आधी तिथे तिघी होत्या. दिवाळीनंतर एक उठली, मग दुसरी. कुणी भांडलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. ती दोन बोटांनी, कधी दहा बोटांनी बाकावर टकटक करत राही, म्हणून पोरी तिला खुळी म्हणत. बाजारात टायपिंगचा क्लास निघाला होता. त्याच्या खिडकीबाहेर उभी राहून ती बोटं कुठे पडतात ते बघून यायची, आणि बाकावर तेच करायची. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

वीरण्णाने घरातली पोचा आलेली अत्तरदाणी तिच्या हातात ठेवली आणि वाचलं:

"जिथं ही बसते तिथं दरवळ सुटतो,
शेजारी असला तर आपोआप उठतो!
कुमारी अत्तरदाणी!"

असा हशा पिकला की माइक शिट्टी मारू लागला. कुशावर्ताही हसली. तशी रीतच होती. अत्तरदाणी घेऊन ती माइकपुढे उभी राहिली. "हां, कोण होणार तू?" हेडमास्तरांनी विचारलं.

"काही न्हाई," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

लोक पुन्हा हसले. हाही विनोदच आहे असं त्यांना वाटलं.

परीक्षा चार दिवसांवर आली. सगळ्यांनी हॉलतिकिटं नेली, एक तेवढं उरलं. मराठी शिकवणाऱ्या सुमनबाईंनी रईसाबरोबर निरोप पाठवला, आणि रईसा उत्तर घेऊन आली: कुशावर्ता परीक्षेला बसणार नाही, आईबरोबर खडी फोडायला जाते आहे. बाईंनी वीरण्णाला बोलावून घेतलं.

"बाई, मजाक व्हता," तो आधीच म्हणाला. "शेलापागोट्यात असंच असतंय. हेडमास्तरांनी सोता पास केलं."

"तू स्वतःला काय दिलंस? बोलका पोपट. तुझी बडबड तुझ्या हौसेची आहे. झोपाळू पोराची झोप त्याची आहे. कुशावर्ताच्या कपड्यांना वास येतो तो तिच्या हौसेचा आहे का?"

वीरण्णा सदऱ्याची कडक बाही ओढू लागला.

"तुमच्या परसात आड आहे ना?"

"हाव बाई."

"त्याला कुलूप असतं?"

"आजकाल असतंय. बाहेरचे लोक येतेत म्हणून अव्वा लावती." त्याने आईचं नाव पुढे केलं.

"तिला एकच गणवेश आहे, आणि तो धुवायचा की त्या पाण्यात भाकरीचं पीठ मळायचं, हे तिची आई रोज ठरवते. दुष्काळ सगळ्या गावाला पडला, पण वास तिच्या एकटीच्याच कपड्यांना येतो. का, ते तूच सांग."

"पन बाई," त्याने अडखळत विचारलं, "ती तशी लई गुनी हाय का? म्हंजे मला म्हाईत नव्हतं तसं काही..."

"गुणी असेल, नसेल. मला तरी कुठे ठाऊक आहे? ती गुणी निघाली तरच तुला वाईट वाटणार का? अरे, समोरचा माणूस आहे एवढं पुरत नाही का तुला?" मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी मीही हसले, वीरण्णा. तुला एकट्याला बोलते आहे, पण तू एकटा नव्हतास."

वीरण्णाने दोस्तांना गाठलं. चला रे, सगळे मिळून जाऊ म्हणाला. नरसिंगला तालीम होती. दुसऱ्याला अभ्यास होता. तिसरा तोंडावर म्हणाला, "लिव्हलंस तू, आमी कामून यावं?" ज्या पोराभोवती रोज घोळका असे, तो त्या दुपारी सायकलच्या कॅरिअरला पाण्याची घागर बांधून एकटाच निघाला. स्टेशनाच्या रुळांपलीकडे आपलं ओळखीचं कुणी नाही, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं आणि त्याला फार एकटं वाटलं. कुशावर्ता हाच रस्ता रोज एकटी तुडवत शाळेत येत होती, हेही तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं.

पत्र्याच्या खोपटापुढे सरजाबाई बसली होती. कामावरून नुकतीच आलेली. पोरगा शाळेतला आहे एवढं कळताच ती उठली. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही आपली रीत. तिने डेऱ्यात तांब्या घातला तो तळाला खरवडला. अर्धा तांब्या पाणी तिने त्याच्यापुढे धरलं.

"माय, ह्योच त्यो," आतून कुशावर्ता म्हणाली.

सरजाबाईचा हात तसाच राहिला. तिने पोराकडे बघितलं, त्याच्या सदऱ्याकडे बघितलं. "पी बाबा आधी," ती म्हणाली. "उन्हाचं आलास."

वीरण्णा ते पाणी प्यायला आणि म्हणाला, "कुशावर्ता, चुकलं माजं. माफी मागायला आलोय. ही घागर आनलीय."

"घागर ठिव. मायला लागतंय पानी," ती बाहेर येऊन म्हणाली. "पन माफी न्हाई घेत मी. तू सगळ्या शाळंम्होरं बोललास, अन् माफी मागाय लागलास माज्या दारात. हितं कोन हाय ऐकायला? त्या दिशी मला बी सांगायचं व्हतं मी कोन होनार. दोन रात्री घोकलं व्हतं. तू हसवलंस, अन् माजं तोंडच बंद झालं."

"तुजं हॉलतिकीट सुमनबाईंपाशी हाय. येशील का?"

"बघते," ती म्हणाली आणि आत गेली.

परीक्षेच्या दिवशी वीरण्णा सगळ्यांच्या आधी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. पोरं येत होती, महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरं घोकत होती. त्याला एक अक्षर आठवत नव्हतं. ती आली नाही तर एका मुलीचं आयुष्य आपल्या दोन ओळींनी खडीवर नेऊन बसवलं, आणि ते कधी भरून येणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पहिल्या घंटेला थोडाच अवकाश असताना ती आली. मागे सरजाबाई होती. सुमनबाईंनी काही न बोलता हॉलतिकीट तिच्या हातात दिलं. तिच्याभोवती नेहमीसारखी मोकळी जागा पडली.

वीरण्णा झेंड्याच्या ओट्यावर चढला. "ऐका रे," तो ओरडला. पोरांना वाटलं, काही गंमत आहे. दोघं-चौघं आधीच हसू लागले.

"हसू नका. निरोप समारंभात म्या कुशावर्ताला जे वाचलं ते लिव्हायला नको व्हतं. आमच्या परसात आड हाय आन् त्याला कुलूप हाय. तिच्या घरला नळ बी न्हाई. ज्याच्यात तिची चूक न्हाई त्याच्यावर म्या तुमाला हसवलं. मी चुकलो. तिचं बोलायचं राहिलं व्हतं, ते तिला बोलू द्या."

हेडमास्तर ऑफिसच्या दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. कुशावर्ता ओट्यावर चढली नाही. होती तिथूनच बोलली.

"मी टायपिंग शिकनार. लातूरच्या कलेक्टर हापिसात टायपिस्ट होनार. अन् मायला खडी फोडू देनार न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. टाळी वाजवायची ती वेळच नव्हती. रईसा आपल्या मैत्रिणींतून निघाली, त्या मोकळ्या जागेतून चालत गेली आणि कुशावर्ताच्या शेजारी उभी राहिली. "चल, नंबर कुठं आलाय बघू," म्हणाली. घंटा झाली तेव्हा दोघी बरोबरच आत गेल्या. वीरण्णा मागे राहिला. सरजाबाईने फाटकापाशी सावली बघून बसकण मारली.

बंधू-भगिनींनो, थट्टा करू नका असं मी सांगत नाही. थट्टेवाचून शाळा म्हणजे मिठावाचून वरण! पण थट्टा माणसाच्या खोडीची करावी, त्याच्या नसण्याची करू नये. पाणी नसणं, दुसरा कपडा नसणं, बाप नसणं, ह्या काही कुणाच्या खोडी नव्हेत. आणि अशी थट्टा चालू असताना आपण नुसते हसत बसलो, तरी आपला हात तिला लागतोच. माणसाला एकटं पाडायला अख्खा वर्ग लागतो. त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायला एकच जण पुरतो, आणि तो एक जण आपण का नसावं?