तापीकाठची पिवळी टिकली

मित्रांनो, मी भिंतीवरचं एक म्हातारं चित्र. आवाज बारीक आहे, तेव्हा जरा जवळ या. माझ्यात तापीकाठचं सुरत शहर आहे, पण जन्म माझा अ‍ॅमस्टरडॅमचा, नकाशे काढणाऱ्या एव्हर्टच्या घरी. एव्हर्टने आयुष्यात कधी समुद्र ओलांडला नाही. खलाशी सांगत, तो रेघा ओढी आणि त्याची लेक हिलेगोंड रंग भरी.

किल्ला, नदी, गलबतं, सगळं झकास उतरलं. फक्त काठाने हिलेगोंडने मातीचा लांबलचक बांध घातला. तो तिला कुणी सांगितला नव्हता. पण तिच्या मुलखात पाणी अडवायला जिथे तिथे बांध, त्यामुळे नदीकाठी गाव आणि बांध नाही, हे तिच्या डोक्यातच येईना. माणसं बुडतील ना बिचारी! तिच्या या काळजीमुळेच ती मला फार आवडायची.

ज्या व्यापाऱ्यांनी मला काढून घेतलं होतं, त्यांच्या दिवाणखान्यात मला पाठवायचं, त्याच्या आदल्या दिवशी तेउनिस आला. जहाजावरचा हा म्हातारा सुतार नऊ वर्षं सुरतेत राहिला होता. तिथल्या मंछाशी त्याने संसार मांडला होता. परतीच्या जहाजावर तिला जागा मिळाली नाही. आता त्याची नजर जात चालली होती, म्हणून दिसतंय तोवर तिचा घाट पाहून घ्यावा एवढीच त्याची इच्छा. नाक मला टेकवून त्याने खूप शोधलं.

“घाट कुठाय, पोरी? हा बांध कसला?”

“पाणी अडवायला, तेउनिसकाका.”

“अगं, ते लोक नदीला अडवत नाहीत. पायऱ्या उतरून तिच्याकडे जातात. तिसऱ्या पायरीवर मंछा भांडी घासायची. माझं जहाज सुटलं तेव्हा तिथेच उभी होती, पिवळ्या लुगड्यात.”

एव्हर्टचा पारा चढला. तयार चित्राला हात लावायचा नाही, म्हणाला. हिलेगोंडने बापासमोरच कुंचला उचलला, बांधावर पायऱ्या रंगवल्या आणि तिसरीवर मोहरीएवढी पिवळी टिकली ठेवली. एव्हर्ट धुसफुसला, पण मग त्यानेच मला उचलून खिडकीपाशी उजेडात धरलं. तेउनिसला टिकली दिसली, आणि म्हातारा हमसून हमसून रडला.

पुढे मोठमोठ्या लोकांनी माझी वाहवा केली, मग सगळे विसरले. वरचा रंग विरून बांध पुन्हा डोकावू लागला. एकदा मला पुसायला आलेल्या माणसाने टिकलीला माशीचा डाग समजून नखाने खरवडलं. माझा जीव नुसता कासावीस झाला. अर्धी टिकली गेली.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तूवर डाग दिसला तर आधी कुणाला तरी विचारा, मग हात लावा. माझ्यापाशी मंछा आता अर्ध्या मोहरीएवढीच उरली आहे, आणि तिचं दुसरं चित्र कुठेच नाही.